एक तिकीट, आठ मुक्काम: म्हैसूरहून अल्पखर्चात रेल्वेची प्रदक्षिणा

युरोपातील शहरे एकाच रेल्वे पासवर पाहता येतात, हे आता अनेकांना ठाऊक झाले आहे. पण भारतीय रेल्वेकडेही अनेक मुक्कामांचे एकच तिकीट काढण्याची सोय आहे, याची कल्पना फारच थोड्या प्रवाशांना असते. या तिकिटाला वर्तुळाकार प्रवास तिकीट म्हणतात. ज्या स्थानकावरून प्रवास सुरू होतो त्याच स्थानकावर तो संपतो, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. सुट्या सुट्या तिकिटांच्या तुलनेत त्याचे मूळ भाडे पुष्कळदा कमी पडते.

कर्नाटकात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या सोयीचा विशेष उपयोग आहे. कुलदैवताचे दर्शन, पुण्या-मुंबईतील आप्तांच्या भेटी आणि कोकण-गोव्याची सहल, हे सारे एका फेरीत बसवता येते. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वे भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. त्यापूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत होती. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या दांपत्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. म्हणूनच रेल्वेच्या नियमांत आजही शिल्लक असलेली ही काटकसरीची वाट माहीत असणे आवश्यक ठरते.

म्हैसूर शहरातील नजरबाद हा भाग आरंभबिंदू धरून अशा एका प्रदक्षिणेचे नियोजन कसे करावे, याची माहिती येथे देत आहोत.

आरंभ: नजरबाद

नजरबाद हे म्हैसूरच्या राजवाड्याच्या पूर्वेला, चामुंडी टेकडीच्या बाजूला वसलेले आहे. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड येथे नवा किल्ला बांधण्यासाठी आणले होते. १७९९ मध्ये त्याचा पाडाव झाल्यावर तेच दगड पुन्हा म्हैसूरला नेण्यात आले, असा इतिहास आहे. १८९२ मध्ये स्थापन झालेले चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय आणि करंजी तलाव ही या परिसराची आजची ओळख. कर्नाटक राज्य परिवहन महामंडळाचे उपनगरीय बस स्थानकही जवळच आहे. रेल्वे स्थानक साधारण तीन-चार किलोमीटरवर असून तेथे जाण्यास शहर बस मिळते.

म्हैसूरला रेल्वे आली ती १८८२ मध्ये. बेंगळूरुहून निघालेला मीटरगेज मार्ग टप्प्याटप्प्याने चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या करीत येथे पोहोचला. आज म्हैसूर हे नैर्ऋत्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. वर्तुळाकार तिकिटाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण या तिकिटाचा अर्ज विभागीय वाणिज्य अधिकाऱ्यांकडे करावा लागतो आणि ते कार्यालय म्हैसुरातच आहे.

भाडे कमी का पडते?

रेल्वेचे भाडे अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अंतर जसजसे वाढते तसतसा प्रति किलोमीटर दर उतरत जातो. म्हणजे पहिल्या शंभर किलोमीटरना जो दर पडतो, त्याहून कमी दर हजाराव्या किलोमीटरला पडतो. प्रवाशाने आठ-नऊ लहान तिकिटे काढली, की प्रत्येक तिकीट पुन्हा वरच्या दरापासून सुरू होते. अनेक शहरांच्या प्रवासाचा खर्च फुगतो तो मुख्यतः यामुळे.

वर्तुळाकार तिकिटात संपूर्ण फेरीचे अंतर एकत्र धरतात, त्याचे दोन समान भाग करतात आणि प्रत्येक भागाला एका सलग प्रवासाचे भाडे आकारतात. फेरी २४०० किलोमीटरची असेल तर १२०० किलोमीटरच्या दोन प्रवासांचे भाडे द्यावे लागते. लांब पल्ल्याच्या उतरत्या दराचा लाभ असा पदरात पडतो.

भाडेवाढीची चर्चा नेहमी होते. परंतु तिकिटांचे तुकडे पडल्याने होणारी वाढ सहसा नजरेस येत नाही. १ जुलै २०२५ च्या भाडेवाढीत मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या अवातानुकूलित वर्गासाठी प्रति किलोमीटर १ पैसा आणि वातानुकूलित वर्गासाठी २ पैसे वाढ झाली. २४०० किलोमीटरच्या फेरीवर ही वाढ अनुक्रमे २४ आणि ४८ रुपये होते. तिकिटे तोडून काढल्याने पडणारा फरक याहून अधिक असू शकतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या तिकिटात केवळ मूळ भाडे एकत्र होते. आरक्षण शुल्क आणि अतिजलद गाडीचा अधिभार प्रत्येक टप्प्याला वेगळा द्यावा लागतो. वंदे भारत, शताब्दी, राजधानी यांसारख्या गाड्यांचे भाडे वेगळ्या पद्धतीने आकारले जाते. त्यामुळे फेरीची आखणी साध्या मेल-एक्सप्रेस गाड्या गृहीत धरूनच करावी. ज्यांना दोनच ठिकाणी उतरायचे आहे आणि टप्पे मुळातच लांब आहेत, त्यांना होणारी बचत अल्प असते. अशांनी सुटी तिकिटेच काढलेली बरी.

मार्गाची आखणी

प्रथम नकाशावर वर्तुळ काढावे आणि मग शहरे निवडावीत. म्हैसूरहून महाराष्ट्राकडे जाण्यासाठी घाटमाथ्याचा मार्ग घेतला आणि परतीला किनाऱ्याचा मार्ग धरला, तर एकही टप्पा दुबार होत नाही. मार्ग असा आहे: म्हैसूर, हासन, अरसीकेरे, हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे, मुंबई, रत्नागिरी, मडगाव, मंगळूरु, हासन आणि पुन्हा म्हैसूर. हासन ते म्हैसूर हा सुमारे १२० किलोमीटरचा भाग तेवढा जाता-येता सामाईक आहे. एकूण अंतर सुमारे २४०० किलोमीटर भरते. कोकण रेल्वेवर भाडे आकारणीसाठी धरले जाणारे अंतर प्रत्यक्षाहून अधिक असल्याने हिशेबातील आकडा याहून मोठा येईल.

आठ मुक्कामांची मर्यादा या मार्गाला पुरेशी आहे: हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे, मुंबई, रत्नागिरी, मडगाव आणि हासन. मंगळूरुला फक्त गाडी बदलावी. जोडगाडीची वाट पाहण्यासाठी स्थानकावर थांबणे हा मुक्काम समजला जात नाही.

तिकिटाची मुदतही अंतरावरून ठरते. प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामांसाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. २४०० किलोमीटरला प्रवासाचे ६ आणि मुक्कामाचे १२, असे १८ दिवस होतात. तिकिटावर नोंदलेली मुदतच अर्थात प्रमाण मानावी.

पहिला टप्पा: हुबळी, बेळगाव, मिरज

म्हैसूरहून हुबळीस जाण्यास रात्रीची गाडी सोयीची. रात्रभराच्या प्रवासाने एका मुक्कामाचे भाडे वाचते आणि दिवस मोकळा मिळतो. काही गाड्या अरसीकेरेमार्गे सरळ जातात, तर काही बेंगळूरुचा वळसा घेतात. वर्तुळाकार तिकिटावर जो मार्ग लिहिलेला असेल त्याच मार्गाची गाडी घेणे बंधनकारक आहे, म्हणून गाडीचे नाव पाहून न थांबता तिचा मार्ग तपासावा.

हुबळी हे २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे. येथील १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून ओळखला जातो. मार्च २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वृद्धांना सोबत नेताना फलाटाची ही लांबी कौतुकापुरती न पाहता आपला डबा कोणत्या टोकाला येतो याची आधी चौकशी करावी. सिद्धारूढ मठ शहरातच आहे आणि हिंदुस्थानी संगीताचे माहेरघर असलेले धारवाड शेजारी आहे.

बेळगावला १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन होय. मराठी वाचकाला या शहरात परकेपणा वाटत नाही. दुकानाच्या पाट्यांपासून ग्रंथालयांपर्यंत दोन्ही भाषा नांदताना दिसतात.

बेळगाव ते मिरज हे अंतर सुमारे १४० किलोमीटर असून ते दिवसा, बसण्याच्या डब्यातून पार करता येते. मिरजेची सतार आणि तानपुरा प्रसिद्ध आहेत आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य याच गावी होते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वेगाडी येथूनच सुटली होती.

कोल्हापूर मात्र या वर्तुळावर नाही. मिरजेहून कोल्हापूरला जाणारा सुमारे ४७ किलोमीटरचा फाटा तेथेच संपतो. असे फाटे वर्तुळाकार तिकिटात घालण्याचा आग्रह धरू नये. मिरजेला मुक्काम करावा आणि अंबाबाईच्या दर्शनासाठी साधे अनारक्षित तिकीट काढून त्याच दिवशी परत यावे. पंढरपूरसाठीही मिरजेहून रेल्वेमार्ग आहे. ज्यांना केवळ पंढरपूर गाठायचे आहे त्यांच्यासाठी म्हैसूरहून विजापूर, सोलापूरमार्गे पंढरपूरला जाणारी गोलघुमट एक्सप्रेस ही थेट गाडी आहे.

दुसरा टप्पा: पुणे आणि मुंबई

मिरज ते पुणे हे अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. पुणे आणि मुंबई येथे बहुतेकांचे आप्त असतात, त्यामुळे निवासाचा खर्च वाचतो. म्हणून या दोन ठिकाणी दिवस अधिक ठेवावेत आणि जेथे खोली घ्यावी लागते तेथे कमी. खर्चाचा ताळमेळ बहुधा याच एका निर्णयावर अवलंबून असतो.

पुणे-मुंबई हे १९२ किलोमीटरचे अंतर बोरघाटातून जाते. या मार्गावर १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. घाटाचे सौंदर्य पाहायचे तर हा प्रवास दिवसाच करावा. मुंबईत १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ज्यांना मुंबई वगळायची आहे त्यांना पुण्याहून कर्जतमार्गे पनवेलला जाऊन कोकणची गाडी धरता येते. मात्र हा बदल अर्ज करतानाच नमूद करावा लागतो. तिकीट निघाल्यावर मार्ग बदलणे कटकटीचे होते.

तिसरा टप्पा: कोकणाची वाट

रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवळ पूल आणि सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा याच मार्गावर आहेत. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा पाहण्यासारखा आहे. येथे रेल्वे स्थानक गावापासून काही अंतरावर आहे. कोकणातील अनेक स्थानकांची हीच स्थिती असल्याने रात्री-अपरात्री उतरण्याचे टाळावे. रिक्षाला द्यावे लागणारे पैसे कधी कधी रेल्वे भाड्याच्या बरोबरीने जातात.

मडगावनंतर कारवार, गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी अशी तीर्थक्षेत्रे व बंदरे एकामागून एक येतात. यांपैकी एखादे ठिकाण पाहायचे असेल तर आठ मुक्कामांच्या यादीतील दुसरे एखादे गाळावे लागेल.

पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेगळे वेळापत्रक लागू होते. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठेवण्यात आले. या काळात जोडगाडी चुकण्याची शक्यता वाढते. गणेशोत्सवात तर कोकणच्या गाड्यांचे आरक्षण उघडताच संपते. म्हैसूरचा दसराही याच सुमारास येतो आणि त्या दिवसांत म्हैसूरकडे येणाऱ्या गाड्यांना गर्दी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या फेरीस सर्वांत अनुकूल होय.

चौथा टप्पा: शिराडी घाट आणि परतीची वाट

मंगळूरुहून हासनकडे येताना सुब्रह्मण्य रोड ते सकलेशपूर हा सुमारे ५५ किलोमीटरचा घाट लागतो. दाट जंगल, सत्तावन्न बोगदे आणि असंख्य पूल यांमुळे हा देशातील रम्य रेल्वेमार्गांपैकी एक मानला जातो. मीटरगेजचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्यावर येथून प्रवासी वाहतूक डिसेंबर २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो. २०१८ आणि २०२४ मध्ये कित्येक दिवस गाड्या रद्द कराव्या लागल्या होत्या. पावसाळा टाळण्याचे हे दुसरे कारण.

मंगळूरुहून निघणाऱ्या सर्वच गाड्या म्हैसूरला येत नाहीत. काही हासनहून सरळ बेंगळूरुकडे वळतात. म्हणूनच हासन हा शेवटचा मुक्काम सुचवला आहे. दिवसाच्या गाडीने घाट पाहत हासनला यावे आणि तेथून लहान पल्ल्याच्या गाडीने म्हैसूर गाठावे.

हासनहून बेलूर आणि हळेबीडची होयसळ मंदिरे बसने एका दिवसात पाहून होतात. म्हैसूरजवळच्या सोमनाथपूर येथील मंदिरासह २०२३ मध्ये त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. श्रवणबेळगोळही याच जिल्ह्यात आहे. तेथील गोमटेश्वराच्या भव्य मूर्तीच्या पायथ्याशी असलेल्या मराठी लेखाची गणना मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत होते. महाराष्ट्राची प्रदक्षिणा करून परतणाऱ्या मराठी प्रवाशाला आपल्या भाषेचा एवढा जुना पुरावा घराच्या इतक्या जवळ सापडावा, ही योगायोगाची गोष्ट. म्हैसूर येथून सुमारे ८५ किलोमीटरवर राहते.

तिकीट काढण्याची पद्धत

वर्तुळाकार तिकीट घरबसल्या संगणकावर काढता येत नाही. त्यासाठी पुढील क्रम पाळावा लागतो.

प्रथम साध्या कागदावर अर्ज लिहावा. त्यात प्रवाशांची नावे व वये, प्रवासाचा वर्ग, निघण्याची तारीख, स्थानकांचा क्रम आणि मुक्कामाची ठिकाणे नमूद करावीत. हा अर्ज विभागीय वाणिज्य कार्यालयात किंवा आरंभस्थानकावरील मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांकडे द्यावा. ते अंतर आणि भाडे यांचा हिशेब करून स्थानकास कळवतात. त्यानंतर तिकीट खिडकीवर पैसे भरून तिकीट मिळते. शेवटी ते तिकीट दाखवून आरक्षण कार्यालयातून प्रत्येक टप्प्याचे आसन राखून घ्यावे लागते.

रेल्वेच्या विभागांनी काही ठरावीक फेऱ्यांची प्रमाणित तिकिटेही निश्चित केलेली असतात. आपल्याला हव्या असलेल्या मार्गाशी ती जुळत असतील तर हिशेबाचा वेळ वाचतो. रोजच्या व्यवहारात हे तिकीट क्वचितच मागितले जाते, म्हणून कामाला दोन-तीन खेपा पडतील असे धरून चालावे आणि अर्जाची प्रत जवळ ठेवावी. पैसे भरण्यापूर्वी सुट्या तिकिटांची बेरीज करून तुलना अवश्य करावी.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. फेरी १८ दिवसांची असली, तर पहिल्या टप्प्याचे आरक्षण उघडते त्या दिवशी शेवटच्या टप्प्याचे उघडलेले नसते. यासाठी निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी अर्जाची तयारी सुरू करावी. कोकणचा टप्पा सर्वांत कठीण असल्याने आधी त्याची तारीख पक्की करावी आणि बाकीची फेरी तिच्याभोवती बसवावी. प्रतीक्षायादीतील तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

ज्यांना एवढी मोठी फेरी करायची नाही त्यांच्यासाठी साध्या तिकिटावरील थांब्याचा नियम उपयोगी आहे. ५०० किलोमीटरहून अधिक अंतराच्या तिकिटावर, पहिले ५०० किलोमीटर पार केल्यावर, वाटेत एकदा दोन दिवसांपर्यंत थांबता येते. १००० किलोमीटरहून अधिक अंतर असल्यास असे दोन थांबे घेता येतात. आरक्षण करतानाच तसे सांगावे लागते.

निवास, सामान आणि भोजन

मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम व सामायिक शयनकक्ष असतात. निश्चित किंवा आरएसी तिकिटाच्या क्रमांकावर त्यांची नोंदणी करता येते. दिवसभर शहर पाहून रात्री पुढे निघणाऱ्यांनी सामान क्लोक रूममध्ये ठेवावे. प्रत्येक नगाला कुलूप असणे तेथे आवश्यक आहे. शयनयान वर्गात प्रत्येकी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. परंतु आठ ठिकाणी चढ-उतार करायची असल्याने त्याच्या निम्मेही सामान पुष्कळ झाले.

साठीवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना खालचा बर्थ देण्यास प्राधान्य असते. आरक्षण अर्जात वय अचूक लिहिल्यास त्याचा लाभ मिळतो. रेल्वेची सर्व चौकशी १३९ या क्रमांकावर करता येते.

युरोपचा पास आणि आपले तिकीट

युरोपातील युरेल पास १९५९ मध्ये सुरू झाला. तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. १९७२ मध्ये आलेला इंटररेल पास युरोपातील रहिवाशांसाठी असून आरंभी तो तरुणांपुरता मर्यादित होता. म्हैसूरहून जाणाऱ्या पर्यटकाने युरेल घ्यावा. तेथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीला मात्र इंटररेल मिळेल.

दोन्ही पासांवर आज ३३ देशांत प्रवास करता येतो. तरीही पास म्हणजे आसन नव्हे. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतील अतिवेगवान गाड्यांना तसेच रात्रगाड्यांना वेगळे आरक्षण शुल्क पडते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत आरक्षणावाचून बसता येते. आपल्या तिकिटाप्रमाणे तेथेही मूळ भाडे आणि आसनाचे शुल्क या दोन वेगळ्या बाबी आहेत. जे दोन-तीन शहरेच पाहणार आहेत त्यांना आगाऊ काढलेली सुटी तिकिटे पासापेक्षा स्वस्त पडतात.

युरोपच्या खर्चात रेल्वेआधी प्रवेशपत्राचा विचार करावा लागतो. शेन्गेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. ब्रिटनसाठी वेगळा व्हिसा लागतो. पारपत्राचे काम म्हैसूरकरांना शहरातच करता येते. टपाल कार्यालयातील पारपत्र सेवा केंद्राची योजना जानेवारी २०१७ मध्ये देशात सर्वप्रथम म्हैसूर आणि गुजरातमधील दाहोद येथे सुरू झाली.

अनुभवासाठी आधी देशातील फेरी आणि मग युरोपची, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे. लहान टप्पे, हलके सामान, रात्रीचा प्रवास आणि आप्तांकडील मुक्काम यांचा मेळ कसा घालायचा, हे म्हैसूर-मिरज-मडगावच्या वाटेवर शिकता येते. तेथे चूक झाली तरी ती फार महागात पडत नाही.

थोडक्यात

नकाशावर वर्तुळ काढावे आणि एकही लांब टप्पा दुबार होणार नाही याची खात्री करावी.

मुक्काम आठांहून अधिक नसावेत. फाट्यावरील गावांसाठी साधे तिकीट काढावे.

तयारी तीन महिने आधी सुरू करावी आणि सर्वांत कठीण टप्प्याचे आरक्षण प्रथम पाहावे.

पावसाळा, गणेशोत्सव आणि दसरा टाळावा.

एकत्रित तिकीट आणि सुटी तिकिटे यांची तुलना केल्यावरच पैसे भरावेत.